हायकोर्टाची पायरी आणि कोकणचा मुसलमान

मालगुंडला आलेला मराठी माणूस आधी केशवसुतांच्या घराकडे वळतो. आम्हीही वळलो. १८६६ साली ज्या घरात आधुनिक मराठी कवितेचा जनक जन्मला, त्या घराच्या ओसरीवर घटकाभर बसलो. पण त्या दिवशीचे आमचे खरे काम वेगळे होते. मालगुंडहून जयगडकडे जाणाऱ्या पट्ट्यातल्या एका मुस्लिम घरात जुन्या कागदांची पत्र्याची पेटी होती. ती एकदा नजरेखालून घालावी म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला बोलावले होते.

पेटीत राणीच्या छापाचे स्टँपचे कागद होते. मोडीत लिहिलेली कबुलायत होती, वाळवीने एका बाजूने खाल्लेला हुकूमनामा होता आणि वकिलाने पाठवलेली दोन-तीन पोस्टकार्डे होती. कागद हाताळता हाताळता वडीलधारे म्हणाले, ‘‘आमच्या आज्याच्या वेळेला कज्जा हायकोर्टापर्यंत गेला होता. निकालात काय लिहिले होते ते घरात कुणालाच कळले नाही. जमीन मात्र गेली.’’

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. कोकणच्या किनाऱ्यावर अशा पेट्या पुष्कळ घरांत आहेत. आपल्या वाडवडिलांच्या जमिनी, लग्ने, वारसा आणि मशिदींच्या मिळकती यांचे निवाडे ज्या न्यायालयाने केले, त्याचा इतिहास मात्र आपण कधी आपला म्हणून वाचला नाही. मुंबई हायकोर्ट म्हटले की टिळकांचे खटले आठवतात आणि आपण तिथेच थांबतो. त्या दगडी इमारतीत आपल्याही घराचा इतिहास लिहिला गेला आहे. तो जमेल तेवढा इथे मांडण्याचा विचार आहे.

काझी, अदालत आणि दोन न्याय

इंग्रजी अंमलापूर्वी या किनाऱ्यावर मुसलमानांचे लग्न, तलाक, वारसा हे प्रश्न काझीपुढे जात. आदिलशाहीत काझ्यांना सनदा मिळाल्या आणि पुढे मराठी राज्यातही त्यातल्या अनेक वतनांची वहिवाट चालू राहिली. काझी हे आज कोकणात आडनाव उरले आहे, पण एके काळी ते गावाचे न्यायासन होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि रत्नागिरीचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. त्या वेळी मुंबई इलाख्यात दोन वेगळे न्याय नांदत होते. मुंबई बेटावर राजाच्या सनदेने चालणारी कोर्टे होती : १७२६ च्या सनदेचे मेयर्स कोर्ट, १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट आणि १८२४ पासून सुप्रीम कोर्ट. तिथे इंग्रज न्यायाधीश, इंग्रजी कायदा आणि इंग्रजी भाषा होती. बेटाबाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती होत्या, आणि त्यांच्या वर सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत. या दोन्हींचे आपसात पटत नसे. पुण्याच्या मोरो रघुनाथ प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा हुकूम बेटाबाहेर चालतो की नाही यावरून गव्हर्नर माल्कम आणि न्यायमूर्ती ग्रँट यांची जुंपली, आणि १८२९ मध्ये ग्रँटसाहेबांनी चक्क कोर्टच बंद ठेवले.

रत्नागिरीच्या माणसाला लागू होता तो १८२७ चा एल्फिन्स्टन यांचा कायदेसंग्रह. त्यात निवाडा कशाच्या आधारे करावा याचा क्रम घालून दिला होता. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर मुलखाची वहिवाट. वहिवाट सिद्ध होत नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. आणि तोही नसेल तर न्याय, नीती व सद्सद्विवेक. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. धर्मकायद्याच्या आधी वहिवाट, म्हणजेच रूढी. पुढची शंभर वर्षे मुंबई इलाख्यातल्या मुसलमान स्त्रीच्या वारसाहक्काची लढाई याच एका पायरीवर अडलेली दिसते.

१८६१ मध्ये पार्लमेंटने हायकोर्टांचा कायदा केला. पुढच्या वर्षी राणीची सनद आली आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई हायकोर्ट सुरू झाले. सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती त्यात विलीन झाल्या. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायमूर्ती. न्यायाधीशांपैकी निदान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि एक तृतीयांश सिव्हिलियन असावेत असा नियम होता. दोन न्याय एका छपराखाली आले खरे, पण भिंत राहिलीच. मुंबई शहराचे दावे ‘ओरिजिनल साइड’ला थेट चालत आणि तिथे बॅरिस्टर-सॉलिसिटरांचे राज्य होते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांची अपिले ‘अपेलेट साइड’ला जात. मालगुंडच्या माणसाचा दावा दुय्यम न्यायाधीशाकडून जिल्हा न्यायालयात आणि तिथून मुंबईला पोहोचायचा. हायकोर्टाच्या निकालावरही समाधान झाले नाही आणि पैसा असला, तर थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिल!

शब्द आमचे, निकाल इंग्रजीत

पेटीतले कागद वाचताना एक गंमत जाणवत राहिली. अदालत हा शब्द ‘अदल’पासून आला. मुन्सफ म्हणजे इन्साफ करणारा. काझी आणि कज्जा ही एकाच धातूची भावंडे. वकील, दावा, फिर्याद, जामीन, तारीख, दरखास्त, जप्ती, वारस, नाझर, शिरस्तेदार, मुखत्यारपत्र हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की ते परके होते हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. दस्तऐवजात मुसलमान पक्षकाराच्या नावात ‘वलद’ येतो, तर मराठा-कुणबी पक्षकाराच्या नावात ‘बिन’ येतो. दोन्ही शब्द अरबीच. मराठी मुसलमानांची भाषा कोणती, असा प्रश्न ज्यांना आजही पडतो त्यांनी कोकणातल्या कुठल्याही कोर्टाचे जुने दफ्तर उघडून पाहावे. तिथे मराठी आणि मुसलमान एकमेकांना सोडून उभे राहूच शकत नाहीत.

पण हायकोर्टात पोहोचला की कज्जाची भाषा बदले. साक्ष मराठीत, कागद मोडीत, निकाल इंग्रजीत. पक्षकाराला कळे ते एवढेच, की जिंकलो की हरलो. ‘निकालात काय लिहिले होते ते कुणालाच कळले नाही’ या वाक्याचा उगम इथे आहे.

पारकर-रोघे खटला

आता कोकणी मुसलमानांनी अभिमानाने आठवावा असा एक खटला सांगतो. हायकोर्टाच्या निकालांच्या अगदी पहिल्या खंडात तो छापलेला आहे. साल १८६४. पक्षकार महंमद इब्राहिम बिन महंमद सय्यद पारकर आणि गुलाम अहमद बिन महंमद सय्यद रोघे. दोन्ही आडनावे आपल्या किनाऱ्यावरची, ऐकताच ओळखीची वाटणारी.

प्रश्न एका मुलीच्या लग्नाचा होता. तिचे आईवडील शाफई पंथाचे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफईच आहेत. शाफई मताप्रमाणे कुमारिका वयात आली असली तरी तिच्या लग्नाला वली, म्हणजे बाप किंवा तो नसेल तर दुसरा अधिकारी पुरुष, लागतोच. हनफी मताप्रमाणे वयात आलेली, समजदार स्त्री स्वतः आपला निकाह करू शकते. मुलीने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारले आणि बापाच्या संमतीवाचून लग्न केले. ते लग्न खरे की खोटे?

हायकोर्टाने सांगितले की सुन्नींच्या चारही मझहबांपैकी कुठल्याही मझहबाची वयात आलेली स्त्री उरलेल्या तिहींपैकी हवा तो स्वीकारू शकते, आणि मग तिचे लग्न त्या मझहबाच्या नियमाने तोलले जाईल. लग्न कायदेशीर ठरले.

सन पाहा, १८६४. त्या काळी इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मिळकत ठेवण्याचाही पुरता हक्क नव्हता. त्या वेळी एका शाफई घरातली मुलगी आपल्या शरियतीच्याच आधाराने आपला निर्णय घेऊन उभी राहते आणि न्यायालय तिच्या बाजूने निवाडा देते! हा हक्क तिला इंग्रजांनी दिला नव्हता. चारही मझहब सारखेच प्रमाण आहेत ही आपल्याच फिकहची शिकवण. कोर्टाने ती फक्त मान्य केली. आपल्या परंपरेत वाट होती आणि ती एका मुलीने शोधली, हे आपण आपल्या मुलींना कधी सांगितले आहे काय?

रूढीपुढे हरलेल्या मुली

या निकालाच्या सतरा वर्षे आधीचे चित्र मात्र उलटे होते. १८४७ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन समाजांतले दावे आले. बापाच्या मिळकतीत कुराणाने सांगितलेला हिस्सा मिळावा, एवढीच मुलींची मागणी होती. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निवाडा दिला की या समाजांची जुनी रूढी मुलींना वारसा देत नाही आणि रूढी सिद्ध झाली आहे. मुली हरल्या. कुराणाचा हुकूम एका बाजूला आणि जमातीची वहिवाट दुसऱ्या बाजूला, असा तो तराजू होता. ज्या जमातीने वहिवाटीच्या बाजूने साक्ष दिली तीही मुसलमानच होती, हे विसरून चालणार नाही.

१८६६ मध्ये, म्हणजे केशवसुतांच्या जन्मसालीच, हायकोर्टात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यापुढे आगाखान खटला चालला. खोजा समाज कोणत्या पंथाचा आणि त्याचे मुखत्यारपण कुणाकडे, याचा निर्णय एका इंग्रज न्यायाधीशाने दिला. तो आगाखानांच्या बाजूने होता. एका जमातीची धार्मिक ओळख कोर्टाच्या निकालाने पक्की होते, ही गोष्ट त्या काळाला नवी होती.

मुलींचा प्रश्न सुटायला नव्वद वर्षे जावी लागली. १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या वारशात रूढीऐवजी शरियत आणली, पण शेतजमीन त्यातून वगळली. १९३८ मध्ये कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे १८४७ साली ज्या हिश्श्यासाठी मुली कोर्टात गेल्या, तो मान्य व्हायला त्यांच्या पणत्या जन्माला याव्या लागल्या.

काझी गेला, पुस्तके आली

१८६४ साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्यापूर्वी न्यायाधीशाच्या शेजारी धर्मकायदा सांगायला पंडित आणि काझी-मुफ्ती बसत. त्या वर्षी सरकारने कायदा करून ही पदे रद्द केली. आता न्यायाधीश पुस्तक उघडून स्वतःच पाहणार होता. पण कोणते पुस्तक? इंग्रजीत होते ते हॅमिल्टनने केलेले हिदायाचे भाषांतर आणि बेलीने फतावा-इ-आलमगिरीवरून केलेला संग्रह. दोन्ही हनफी. शाफई पंथाचा प्रमाणग्रंथ इमाम नववींचा ‘मिन्हाज’. त्याचे आधी डच विद्वानाने फ्रेंच भाषांतर केले आणि त्या फ्रेंचवरून १९१४ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले. जो ग्रंथ कोकणातल्या मदरशांत थेट अरबीतून शिकवला जाई, तो मुंबईच्या न्यायाधीशापर्यंत फ्रेंचच्या वाटेने, पन्नास वर्षे उशिरा पोहोचला!

काझी नसल्याने निकाह-तलाकच्या नोंदींची अडचण होऊ लागली, तेव्हा १८८० मध्ये काझी कायदा करून सरकारने पुन्हा काझी नेमण्याची सोय केली. पण हा काझी निवाडा करणारा नव्हता, तो फक्त लग्न लावणारा होता. काझीपद मुसलमानी कायद्याप्रमाणे वंशपरंपरेने येत नाही, नेमणूक राज्यकर्त्याने करायची असते, असेही हायकोर्टाने १८७० च्या दशकात सांगितले होते. न्यायासन गेले, आडनाव राहिले ते असे.

वक्फचीही तीच कथा. आपल्या मुलाबाळांसाठी आणि शेवटी गोरगरिबांसाठी मिळकत वक्फ करण्याची जुनी रीत. १८८१ मध्ये फातमाबीबी यांच्या खटल्यात न्यायमूर्ती वेस्ट यांनी असा वक्फ उचलून धरला. पण १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या एका खटल्यात अशा वक्फाला दानाचा आभास ठरवून रद्द केले. देशभर खळबळ माजली. मौलाना शिबली नोमानींनी विरोधाची मोहीम उभारली आणि १९१३ मध्ये मुंबई हायकोर्टातलेच एक बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडलेल्या विधेयकाने कौटुंबिक वक्फ पुन्हा कायदेशीर झाला. परक्याने पुस्तक वाचून धर्म सांगितला की काय होते, आणि शिकलेली माणसे पुढे आली की ते कसे दुरुस्त होते, या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात दिसतात.

बद्रुद्दीन तय्यबजी

शिकलेल्या माणसांत अग्रभागी नाव बद्रुद्दीन तय्यबजींचे. १८६७ मध्ये मुंबईत बॅरिस्टरी सुरू करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे पहिले भारतीय सॉलिसिटर. या बंधूंनी कोकणी समाजातले नाखुदा महंमद अली रोघे आणि इतरांच्या साथीने १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. बद्रुद्दीन १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. हायकोर्टात नानाभाई हरिदास, तेलंग, रानडे यांच्या पाठोपाठ १८९५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले, या कोर्टाचे पहिले मुसलमान न्यायमूर्ती. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्तीचे काम पाहिले. या कोर्टात त्यापूर्वी तो मान कुणाही भारतीयाला मिळाला नव्हता.

१८९७ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. तो पुन्हा तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. सरकारची मर्जी, स्वतःचे राजकीय मतभेद, हे सारे बाजूला ठेवून दिलेला तो हुकूम होता. पुढे ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तो जामिनाचा अर्ज चालवणारे वकील दिनशा दावर होते. १९०८ च्या खटल्यात तेच दावर न्यायासनावर होते. जिनांनी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी नाकारला आणि २२ जुलै रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. टिळक मंडालेला गेले, तेव्हा मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता! १९१६ मध्ये टिळकांकडून जामीन मागण्याचा मॅजिस्ट्रेटचा हुकूम मात्र जिनांच्या युक्तिवादानंतर हायकोर्टाने रद्द केला.

फाळणीनंतरच्या इतिहासाने ही पाने चिकटवून टाकली आहेत. ती सोडवून वाचली पाहिजेत. ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तिथे १९५६ मध्ये त्यांच्या शब्दांचा फलक लागला. त्याचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी केले. १९४७ मध्ये ते या कोर्टाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती झाले होते. मुलींना हिस्सा नाकारणाऱ्या रूढीचा निवाडा ज्या खोजा समाजावरून झाला, त्याच समाजात त्यांचा जन्म.

पायरीची किंमत

आज ओव्हल मैदानासमोर दिसणारी इमारत कर्नल फुलर यांच्या आराखड्याने १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये. वर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. एका खांबावर मात्र डोळ्याला पट्टी बांधलेला, वाकडा तराजू धरलेला वानर कोरलेला आहे. कोर्टात दावा हरलेल्या एका कंत्राटदाराने तो सूड म्हणून कोरवून घेतला, अशी दंतकथा सांगतात. २०१८ मध्ये ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. दंतकथा खरी असो वा नसो, जिल्ह्यातून आलेल्या पक्षकाराला तो वानर जवळचा वाटला असेल.

कारण त्याच्यासाठी पायरी महाग होती. स्टँप, नकला, भाषांतर, वकिलाची फी, बोटीचे भाडे, मुंबईतल्या जमातीच्या खोलीवर महिनोन्‌महिने मुक्काम. कोकणातले बहुतेक कज्जे जमिनीचे होते, आणि जमिनीच्या मुळाशी खोती होती. १८८० च्या खोती कायद्याने खोताचे हक्क लेखी झाले. खोतांत हिंदूही होते आणि मुसलमानही, आणि कुळांतही दोघे होते. कागद ज्याच्याजवळ त्याचा दावा टिकला; पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याजवळ कागद नव्हता. याच हायकोर्टात १९२३ पासून वकिली करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. जे दुखणे कोर्टात बरे झाले नाही त्याचा इलाज कायदेमंडळात करावा लागला.

पेटी मिटताना

मालगुंडजवळच्या त्या घरात आम्ही पेटीच्या तळापर्यंत गेलो. सर्वांत खालचा कागद कोर्टाचा नव्हता. तो हक्कसोडपत्र होता. घरातल्या दोघी बहिणींनी बापाच्या मिळकतीतला आपला हिस्सा भावांना ‘राजीखुशीने’ सोडून दिला होता. खाली दोन अंगठे. आम्ही वडीलधाऱ्यांना विचारले, ‘‘यांना काय मिळाले?’’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘माहेरचा रस्ता उघडा राहिला.’’

१८४७ मध्ये कोर्टाने मुलींना हिस्सा नाकारला तेव्हा निदान निकाल तरी लिहावा लागला होता. आज कायदा मुलीच्या बाजूने आहे, कुराण तर चौदाशे वर्षांपासून आहे, आणि तरीही तालुक्याच्या कचेरीबाहेर आपल्या बहिणींचे अंगठे आणि सह्या होतच राहतात. त्याला कुठला पेरीसाहेब लागत नाही. वहिवाटीचा पुरावा आता कुणी मागतही नाही, कारण ती आपणच चालवतो. आमच्याही घरात ती चालली. आमच्या आत्यांचे हक्कसोडपत्र आम्ही पाहिले आहे, आणि त्या वेळी आम्ही काही बोललो नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मालगुंडच्या माणसाला आता अपिलासाठी मुंबई गाठायला नको. आंबा घाट चढला की कोल्हापूर. १८६२ पासूनचे अंतर कमी झाले ही आनंदाची गोष्ट आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले लोक म्हणत आले. पण बहिणीला तिचा हिस्सा देण्यासाठी कुणालाच ती पायरी चढावी लागत नाही. त्यासाठी घरातली पेटी उघडली आणि खालचा कागद वर काढला, तरी पुरते.